फर्ज़ची साठ वर्षे आणि पार्श्वसंगीतातील अनाम वादक

माहुलच्या खाडीकाठी उभे राहिले की शीतयुद्धाचे सारे नेपथ्य एका नजरेत मावते. एका अंगाला १९५४-५५ च्या सुमारास सुरू झालेल्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आहेत. तेव्हाचे स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल म्हणजे आजचे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. पलीकडे ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र, जिथे ऑगस्ट १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. समोर मुंबई बंदराचे पाणी. हिंदी हेरपटांतला खलनायक १९६० च्या दशकात अशाच गोष्टींवर डोळा ठेवून असे आणि त्याला रोखायला कुणी एजंट ११६ धावत असे. तो धावू लागला की मागे गिटार, बाँगो आणि ट्रम्पेट वाजू लागत.

ते गिटार कोण वाजवत होते, हा या सूत्राचा प्रश्न आहे.

‘फर्ज़’ १९६७ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रविकांत नगाइच, नायक जितेंद्र, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. मूळ तेलुगू ‘गूढचारी ११६’ त्याआधी एक वर्षाचा. पुढल्या वर्षी रामानंद सागर यांचा ‘आँखें’ आला. त्याचे संगीत रवी यांचे. १९७७ मध्ये राजश्रीचा ‘एजंट विनोद’ आणि १९७९ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीताचा, गनमास्टर जी-९ चा ‘सुरक्षा’. २०२७ मध्ये ‘फर्ज़’ला साठ आणि ‘एजंट विनोद’ला पन्नास वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने लेख लिहिले जातील, गाण्यांच्या याद्या फिरतील. ‘फर्ज़’मधले सुनीताच्या वाढदिवसाचे गाणे तर वर्धापनदिनाची वाट पाहत नाही, ते रोज कुठल्या ना कुठल्या घरी वाजतच असते. पण चित्रपटात गाण्यांखेरीज जे संगीत आहे, म्हणजे पाठलागाचे, सापळ्याचे, अंधाऱ्या गोदामात दार करकरल्यावरचे, ते स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने पुन्हा निघण्याचा प्रश्नच येत नाही, कारण आपल्याकडे असे संगीत सहसा पहिल्यांदाही निघालेले नसते.

पाश्चात्त्य हेरपटांच्या बाबतीत काय घडते ते पाहण्याजोगे आहे. ‘थंडरबॉल’ डिसेंबर १९६५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तबकडी वेळेवर बाजारात यावी म्हणून जॉन बॅरी यांचे सारे संगीत पुरे होण्याआधीच ती छापायला गेली. परिणामी तिच्यात मुख्यतः चित्रपटाच्या पूर्वार्धाचेच संगीत आले. पाण्याखालच्या अखेरच्या लढाईचे संगीत चित्रपटगृहात ऐकू येई, घरी ऐकता येत नसे. त्याच चित्रपटासाठी आधी तयार झालेले, डिऑन वॉरविक यांनी गायलेले शीर्षकगीत बाजूला ठेवून टॉम जोन्स यांचे घेतले गेले होते. ते जुने गीत आणि चित्रपटातले काही अप्रकाशित तुकडे श्रोत्यांना मिळाले १९९२ साली, बाँडपटांच्या तिसाव्या वर्धापनदिनाच्या संचात. २००३ मध्ये आणखी भर पडली. सत्तावीस वर्षे गहाळ असलेले संगीत सापडले, कारण कुणीतरी मूळ फिती लेबले लावून ठेवल्या होत्या.

अर्थात या प्रकारात धंदेवाईक लबाडी नसते असे नाही. डेव्हिड अरनॉल्ड यांच्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’ची पहिली ध्वनिमुद्रिका १९९७ मध्ये अशीच अपुरी निघाली, २००० मध्ये दुसरी आली आणि २०२२ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त विस्तारित आवृत्ती. एकाच पाठलागासाठी रसिकाने तीनदा खिसा रिकामा केला. वर्धापनदिन हा शब्द तिथे पुष्कळदा विक्रीच्या फलकावरच शोभतो.

तरीही या आवृत्त्यांच्या आत एक पुस्तिका असते आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती तबकडीहून मोलाची वाटावी. तिच्यात ध्वनिमुद्रणाच्या तारखा, स्टुडिओ, फितींची स्थिती आणि वादकांची नावे असतात. बाँडच्या मूळ शीर्षकसंगीतातले गिटार विक फ्लिक यांनी वाजवले, हे जगाला ठाऊक आहे. ते पैसे घेऊन एका बैठकीपुरते आलेले वादक होते, त्यापलीकडे त्यांचा त्या धुनेवर हक्क नव्हता. पण ते २०२४ मध्ये वारले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले. त्यांचे गिटार क्लिफर्ड एसेक्स बनावटीचे, १९३९ सालचे होते, इतकी बारीक नोंदही उपलब्ध आहे. आपल्या हेरपटांतल्या वादकाचे वाद्य राहू द्या, नावाचाही पत्ता नाही.

(त्या बाँड धुनेचे मूळही आपल्यापासून फार दूर नाही. माँटी नॉर्मन यांनी ती आधी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या १९६१ च्या कादंबरीवर बेतलेल्या संगीतिकेसाठी रचली होती. त्रिनिदादमधल्या भारतीयाच्या तोंडचे ते गाणे होते आणि त्याला सतारीचा बाज होता. संगीतिका रंगमंचावर आलीच नाही. धुनेचा कर्ता कोण, यावरून नॉर्मन यांनी लंडनच्या एका वृत्तपत्राविरुद्ध खटला भरला आणि २००१ मध्ये तो जिंकला. श्रेयासाठी न्यायालयात जाता येते, यावर आपल्या वादकांचा विश्वासच बसला नसता.)

आता मुंबईकडे. त्या काळात चित्रपटसंगीताचे ध्वनिमुद्रण ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी होई. गाणी ग्रामोफोन कंपनीकडे जात आणि तबकडीवर उमटत. पार्श्वसंगीताची वाट निराळी होती. पडद्यावर चित्रफीत चालू असताना वादक वाजवत, ते चुंबकीय फितीवर उतरे, मग संवाद आणि इतर आवाजांत मिसळून चित्रपटाच्या अंतिम ध्वनिपट्टीत विरघळून जाई. एकदा ही मिसळ झाली की सुट्या संगीतफितीचे निर्मात्याला काही काम उरत नसे. फीत महाग असे आणि पुसून पुन्हा वापरता येई. गोदामात राहिली तर दमट हवेत सडे. तबकडी काढणाऱ्या कंपनीचा तर तिच्याशी संबंधच नव्हता. साठच्या दशकातल्या छोट्या ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर चार गाणी बसत, मोठ्या तबकडीवर सहा ते आठ. तिथे पाठलागाला कोण जागा देणार?

संगीत रचणाऱ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. संगीतकार चाल बांधत. तिचा वाद्यमेळ कसा असावा, कोणत्या क्षणी व्हायोलिनांनी उसळावे, ट्रम्पेटने कुठे मध्येच फटकारा मारावा, हे काम अरेंजरचे असे. अरेंजर आणि वादक यांतले पुष्कळ गोमंतकीय ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हिंदुस्थानी परंपरेतल्या वादकांना या लिपीची गरज कधी पडली नव्हती. साठ-सत्तर वादकांना एकत्र वाजवायचे तर कागदावर लिहिलेले संगीत हवे, आणि ते लिहिणारे-वाचणारे गोव्याहून येत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. अल्दोन्याचे आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे १९७७ च्या एका गाजलेल्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्या पात्राला मिळालेले नाव ही त्या गुरूला वाहिलेली आदरांजली मानली जाते. गुरूचे नाव अशा प्रकारे घरोघरी पोचले. त्याने स्वतः कोणत्या चित्रपटात काय वाजवले, याची पूर्ण यादी मात्र कुणाजवळ नाही.

राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातली माणसे त्या मानाने भाग्यवान. मनोहारी सिंग, केर्सी लॉर्ड, मारुतीराव कीर, होमी मुल्लन यांची नावे रसिकांना ठाऊक झाली, ती चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या म्हणून. ग्रेगरी बूथ यांचे २००८ चे ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक अशाच मुलाखतींवर उभे आहे. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ने जाझवादकांची बाजू सांगितली. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांच्या गीतकोशाने गाण्यांची आणि मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांची नोंद केली. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण हे कोश गाण्यांचे आणि तबकड्यांचे आहेत. जे तबकडीवर कधी आलेच नाही, ते त्यांच्या जाळ्यात सापडत नाही.

मग आपल्या हेरपटांचे संगीत पुन्हा बाहेर आले ते कसे? परदेशातून, आणि अर्धवट थट्टेच्या सुरात. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. कल्याणजी-आनंदजींच्या सत्तरच्या दशकातल्या मारधाडपटांचे संगीत त्यात नव्या ढोलताशानिशी, म्हणजे डॅन द ऑटोमेटर यांच्या नव्या तालांवर, सादर केले होते. मुखपृष्ठावर संगीतकारांचे नाव होते, हे मान्य करायला हवे. पण तुकड्यांना ‘द गुड, द बॅड अँड द चटनी’, ‘फिस्ट्स ऑफ करी’ अशी नावे दिली. कोणता तुकडा कोणत्या चित्रपटातला, केव्हा ध्वनिमुद्रित झाला, कुणी वाजवला हे शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती चटणीच येते. तरी या ध्वनिमुद्रिकेने एक गोष्ट सिद्ध केली: हे संगीत दृश्याशिवायही उभे राहते.

याच्या उलट उदाहरण चरणजित सिंग यांचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षे गिटार आणि इतर वाद्ये वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली होती. ती विस्मृतीत गेली. एदो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत सापडली, त्यांनी मुंबईत येऊन सिंग यांना शोधले आणि २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. पुढे सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात रंगमंचावर वाजवताना दिसले. २०१५ मध्ये ते वारले, तेव्हा ते अनाम नव्हते. पुनःप्रकाशन वादकाच्या हयातीत झाले तर काय घडू शकते, ते इथे दिसते. बाउमन यांना हे शक्य झाले, कारण त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादकाचे नाव छापलेले होते. नाव होते म्हणून पत्ता शोधता आला.

इथून पुढचा मुद्दा कायद्याचा आहे. तो रुक्ष वाटेल, पण सारा पेच तिथेच आहे.

पाश्चात्त्य देशांत वर्धापनदिनाला जी धावपळ होते तिच्यामागे भावना थोडी आणि मुदत फार असते. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणाचे हक्क पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेले, पण वाढीव मुदत मिळायची तर पहिल्या पन्नास वर्षांत ध्वनिमुद्रण प्रकाशित झालेले हवे. म्हणून २०१२ च्या अखेरीस बॉब डिलन यांच्या जुन्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या जेमतेम शंभर प्रती युरोपात गुपचूप काढल्या गेल्या आणि २०१३ च्या डिसेंबरात बीटल्सची १९६३ ची अप्रकाशित मुद्रणे एकाएकी विक्रीला आली. त्याच निर्देशात दोन तरतुदी आणखी आहेत. एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडलेल्या वादकांसाठी वाढीव काळातल्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा. आणि कंपनीने मुद्रण बाजारात उपलब्ध ठेवले नाही, तर वादक नोटीस देऊन करार संपवू शकतो. वापरा नाहीतर सोडा, असा हा नियम.

भारतात ध्वनिमुद्रणाचा आणि चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६७ च्या ‘फर्ज़’वरचा निर्मात्याचा हक्क ३१ डिसेंबर २०२७ ला संपेल. लक्ष्मीकांत १९९८ मध्ये गेले, प्यारेलाल हयात आहेत. त्यांच्या रचनेवरचा हक्क त्यानंतरही पुष्कळ वर्षे राहील. तेव्हा १ जानेवारी २०२८ ला सारे खुले होईल असे समजण्याचे कारण नाही. शिवाय खुले होईल ते काय? संवाद आणि गोळीबार मिसळलेली ध्वनिपट्टी. आज संगणक अशा पट्टीतून वाद्ये वेगळी काढू शकतो. बीटल्सच्या २०२३ मधल्या शेवटच्या गाण्यात जॉन लेनन यांचा आवाज असाच सोडवून घेतला गेला. यंत्राने गिटार वेगळे होईल. गिटारवादकाचे नाव त्या पट्टीत नाही, ते यंत्राला कुठून सापडणार?

आणि नाव ही केवळ सौजन्याची बाब नाही. १९७७ मध्ये, ‘एजंट विनोद’च्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिपणी जोडून संगीतकार-कलावंतांच्या बाजूने कायदेमंडळाचे लक्ष वेधले. संसदेला जाग यायला २०१२ साल उजाडले; त्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांना मानधनातला न सोडता येणारा वाटा मिळाला. वादकांचे, म्हणजे सादरकर्त्यांचे, हक्क तर १९९४ पर्यंत आपल्या कायद्यात नव्हतेच. आणि २०१२ च्या त्याच दुरुस्तीत सादरकर्त्याच्या व्याख्येला एक अट जोडली गेली: चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही दिले जात नाही, तो, एक मर्यादित नैतिक हक्क वगळता, सादरकर्ता समजला जाणार नाही.

ही अट गर्दीच्या प्रसंगांतल्या माणसांसाठी असावी. पाठलागाचे गिटार प्रासंगिक नव्हे, असे कोणताही शहाणा वकील म्हणेल. पण तिच्यातला तर्क पाहावा. नाव न देण्याचा रिवाज आधी धंद्याने पाडला, आणि नाव नसणे ही गोष्ट मग कायद्याने हक्क नसण्याच्या खुणांत धरली. अन्याय करणाऱ्याची सवय हाच अन्यायाचा पुरावा ठरावा, अशी ही रचना आहे.

म्हणून हेरपटांच्या संगीताच्या विस्तारित आवृत्त्या भारतात निघाव्यात, ही मागणी शौकिनांच्या चैनीची नाही. आवृत्ती काढायची म्हटले की कुणाला तरी कागद धुंडाळावे लागतात, फिती तपासाव्या लागतात, म्हाताऱ्या माणसांना फोन करावे लागतात. आपल्याकडचा पुनःप्रकाशनाचा सर्वांत यशस्वी प्रयोग म्हणजे २०१७ चा सारेगामा कारवाँ. पाच हजार गाणी भरलेला तो डबा घरोघरच्या आजी-आजोबांना आवडला आणि ते योग्यच झाले. पण त्यात गायक, संगीतकार, गीतकार आणि नट यांपलीकडे कुणाला जागा नव्हती. तो स्मरणरंजनाचा डबा आहे, दप्तर नव्हे.

आक्षेप असा येईल की या संगीताला एवढे मोल आहे तरी का? पुष्कळ ठिकाणी परदेशी तबकड्यांतले तुकडे सरळ उचललेले आहेत, बाकीचे बाँडची नक्कल. यातला पहिला भाग खरा आहे आणि तो लपवू नये. उसनवारी कुठे, कुणाकडून, किती, हे चांगल्या आवृत्तीनेच सांगितले पाहिजे. आज ते अंदाजाने सांगितले जाते. नकलेचा आरोप मात्र उतावीळ आहे. बाँडच्या आधी मराठी वाचकांना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार भेटला होता. रहस्याची भूक इथली होती, तिला आवाज देणारे कानही इथले होते.

‘एजंट विनोद’चेच पाहा. संगीतकार रामलक्ष्मण. ही जोडी सुरेंद्र आणि नागपूरचे विजय पाटील यांची. दादा कोंडके यांच्या १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची. ‘एजंट विनोद’च्या सुमारास सुरेंद्र वारले आणि पाटील यांनी मित्राचे नाव जोडूनच पुढची सारी कारकीर्द केली, ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’पर्यंत. पांडू हवालदाराच्या ठेक्यावरून आंतरराष्ट्रीय गुप्तहेराच्या पाठलागापर्यंतची ही उडी दोन-तीन वर्षांतली. तिच्यात लोकरंगभूमीचे काय आले, लॅटिन बँडचे काय आले, हा प्रबंधाचा विषय आहे. प्रबंध लिहायचा तर संगीत सुटे ऐकायला हवे. पाटील २२ मे २०२१ रोजी नागपुरात वारले. त्यांना विचारण्याची वेळ गेली.

माहुलपासून जवळच, चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली तेव्हा जुन्या चित्रपटांचे पोशाख आणि स्मृतिवस्तू जळाल्या. त्याची बातमी झाली, लोक हळहळले. १९४८ पासूनची ती वास्तू दोन वर्षांत बांधकाम व्यावसायिकांकडे गेली. पोशाखाचे छायाचित्र असते, म्हणून त्याचे जळणे कळते. पुसलेल्या फितीची बातमी होत नाही.

राजश्री ही संस्था आजही चालू आहे, म्हणजे ‘एजंट विनोद’पुरता तरी प्रश्न कुणाला विचारायचा ते ठरलेले आहे. ‘फर्ज़’च्या बाबतीत प्यारेलाल आहेत, १९४० चा जन्म, वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांच्या ताफ्यातले वादक माहीम, वांद्रे, चेंबूर, मडगाव अशा ठिकाणी विखुरले. काहींच्या घरी स्वरलिपीची पाने, ध्वनिमुद्रणाच्या तारखा टिपलेल्या डायऱ्या अजून असू शकतील. रद्दीवाल्याच्या हाती देण्याआधी त्यांचे फोटो काढले तरी पुष्कळ होईल: पानाची दोन्ही बाजू, कोपऱ्यातला चित्रपटाचा क्रमांक, आणि पेन्सिलीने लिहिलेली वादकांची नावे.